पापणीवरची परीक्षा

रानात स्वच्छंद हिंडणाऱ्या माकडाला क्षयरोग सहसा होत नाही. तेच माकड पकडून पिंजऱ्यात आणले, माणसांच्या सहवासात ठेवले, की मात्र या रोगाचे भय त्याच्या पाठीस लागते. आणि रोग एकदा जडला की तो बहुधा त्याचा प्राण घेऊनच जातो. ज्यांच्या अंगणात, गच्चीवर वा देवळाच्या आवारात माकडांची नित्य वर्दळ आहे, अशा आमच्या बहुसंख्य वाचकांना हे वाचून नवल वाटेल. माकडापासून माणसाला रोग होतात, हे आपण ऐकलेले असते. माणसापासून माकडाला होणाऱ्या रोगाची कथा क्वचितच कोणी सांगतो. या महिन्याच्या सदरात ती सांगावी, असे आम्ही योजिले आहे. कारण प्रयोगशाळेतील माकडाचा क्षय ओळखण्याची आणि आटोक्यात ठेवण्याची जी रीत संशोधकांनी मोठी किंमत देऊन घडविली, तिच्यात आपल्या घरादारासाठीही बोध आहे.

प्रथम या माकडाची ओळख करून घेऊ. ग्वाल्हेर-इंदूरकडे आपण ज्याला लाल तोंडाचे माकड म्हणतो, तेच शास्त्रज्ञांचे ‘ऱ्हीसस’. बेळगाव-गोव्याकडे जे दिसते, ते डोक्यावर केसांची टोपी ल्यालेले निराळ्या जातीचे माकड. ढोबळ मानाने तापी आणि गोदावरी या नद्यांच्या उत्तरेस पहिले आणि दक्षिणेस दुसरे, अशी त्यांची जुनी वाटणी आहे. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर या दोहोंहून वेगळे. प्रयोगशाळांना सर्वांत अधिक लागले ते ऱ्हीसस. आणि क्षयाच्या जंतूपुढे सर्वांत लवकर हार खाणाऱ्या प्राण्यांत त्याचीच गणना होते.

हे माकड दूरदेशी कसे गेले, हा इतिहास आपल्याच देशाचा आहे. १९३८ साली कारपेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून शेकडो ऱ्हीसस माकडे जहाजाने नेली आणि पोर्तो रिको बेटानजीकच्या कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावर त्यांपैकी चारशेहून अधिक मोकळी सोडली. त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत. पुढे १९५५ साली साल्क यांची पोलिओची लस उपयोगात आली. ती तयार करण्यास माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्यामुळे मागणी एकाएकी वाढली आणि भारतातून लाखोंच्या संख्येने माकडे परदेशी रवाना झाली. प्रवासात त्यांचे जे हाल होत, त्यांचा गवगवा होऊन भारत सरकारने १९५५ सालीच काही काळ ही निर्यात थांबविली होती. अखेर १९७८ च्या एप्रिलपासून मोरारजी देसाई यांच्या सरकारने तिच्यावर पूर्ण बंदी घातली, ती कायमचीच.

या लांबच्या वाटेतच क्षयाने माकडांना गाठले. निरनिराळ्या रानांतून व गावांतून धरलेली माकडे एकत्र कोंबली जात. पकडणारा, वाहून नेणारा, दाणापाणी करणारा, बाजारात उभा राहून पाहणारा, अशी किती तरी माणसे त्यांच्या श्वासाच्या टप्प्यात येत. त्यांतील एखाद्याच्या छातीत क्षय असला आणि तो खोकला, तर हवेत उडालेले सूक्ष्म तुषार पिंजऱ्याच्या गजांना जुमानीत नाहीत. एका माकडाला लागण झाली की पुढचे काम खोलीतील दाटी करी. भेदरलेल्या, उपाशी आणि थकलेल्या प्राण्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. अशा रीतीने रानातून निरोगी निघालेला जीव प्रयोगशाळेच्या दारी पोहोचेपर्यंत रोगाचे बीज घेऊन येई.

मग रोग झालेले माकड चटकन ओळखू येत नाही काय? येथेच खरी मेख आहे. आपल्याकडे क्षयी माणसाचे चित्र ठरलेले असते: खंगलेली काया, संध्याकाळचा बारीक ताप, खोकल्यातून पडणारे रक्त. माकड असे काही दाखवीत नाही. कळपात राहणारा प्राणी आपले दुखणे होता होईतो झाकतो. दुबळे दिसणे त्याला परवडणारे नसते. ते खाते, उड्या मारते, पाहणाऱ्याला दात विचकून दाखविते. आणि एके सकाळी पिंजऱ्यात मरून पडलेले आढळते. शवविच्छेदन केले म्हणजे फुप्फुसांत, छातीतील लसिकाग्रंथींत, प्लीहेत, यकृतात पिवळसर पांढऱ्या गाठी दिसतात. तोवर त्या खोलीतील इतर किती माकडांनी तीच हवा घेतली, याचा हिशेब कोण देणार?

म्हणून डोळ्यांना दिसण्यावर विसंबून न राहता रोग हुडकून काढण्याची युक्ती हवी होती. ती एका फसलेल्या औषधातून मिळाली. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. १८९० साली त्याने जंतूंच्या अर्कापासून ‘ट्यूबरक्युलिन’ नावाचे द्रव्य काढले आणि ते क्षयावरील औषध ठरेल, अशी आशा दाखविली. ती फोल ठरली. परंतु ज्याच्या शरीराने क्षयाचा जंतू एकदा अनुभवला आहे, त्याच्या कातडीत हे द्रव्य टोचले असता तेथे सूज येते, असे आढळून आले. त्या द्रव्यात जिवंत जंतू नसतो. रोग देण्याची शक्ती त्याच्यात नाही. जुना शत्रू पुन्हा आला असे समजून रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी धावून येतात, एवढाच त्याचा प्रताप. १९०७ साली फोन पिर्के आणि १९०८ साली मांतू या वैद्यांनी या गुणाचा उपयोग रोगनिदानासाठी करून दाखविला. आपल्यांतील अनेकांच्या हातावर कधी ना कधी ही मांतूची चाचणी झालेली असेल.

माकडाच्या बाबतीत मात्र ही सुई हातावर टोचीत नाहीत. ती वरच्या पापणीच्या कातडीत टोचतात. हे ऐकून अंगावर काटा येईल, पण त्यामागील कारण व्यवहारी आहे. माकडाला पुन्हा पुन्हा धरणे म्हणजे त्याला भय आणि धरणाऱ्याला चाव्याची धास्ती. पापणी सुजली, मिटली, ओघळली, तर ते पिंजऱ्याबाहेरूनच दिसते. टोचण्यापूर्वी त्याला गुंगीचे औषध देतात, प्रत्येक माकडासाठी नवी सुई घेतात आणि एक दशांश मिलिलिटर ट्यूबरक्युलिन अलगद कातडीत सोडतात. माकडाची कातडी या द्रव्याला माणसाइतकी संवेदनशील नसल्याने मात्रा माणसाच्या मात्रेहून शेकडो पटींनी तीव्र लागते. त्यानंतर २४, ४८ आणि ७२ तासांनी पापणी न्याहाळून शून्य ते पाच असे गुण देतात. किंचित काळेनिळे वा तांबूस दिसले तर १ किंवा २, म्हणजे चिंतेचे कारण नाही. मध्यम सूज असेल तर ३, म्हणजे संशय. पापणी ठळक सुजून खाली ओघळली तर ४. डोळा मिटण्याइतकी सूज येऊन कातडी मरू लागली तर ५. शेवटचे दोन गुण म्हणजे रोगाची खूण. परीक्षेत कमी गुण मिळावेत, अशी प्रार्थना करावी लागणारी ही एकच परीक्षा आम्हांस ठाऊक आहे!

तथापि, एका चाचणीच्या भरवशावर कोणी निश्चिंत राहू लागला, तर तो फसलाच म्हणून समजावे. लागण झाल्यापासून पापणी बोलू लागेपर्यंत काही आठवडे जातात. त्या अवधीत टोचलेली सुई खोटा दिलासा देते. उलटपक्षी, रोग अगदी बळावला म्हणजे शरीराची प्रतिक्रिया देण्याची शक्तीच खचते. सर्वांत रोगट माकडाची पापणी मग सर्वांत शांत राहते. गोवराची साथ येऊन गेली तरी काही काळ हेच होते. तो गोवरही माकडांना माणसांकडूनच मिळतो. (मुलांना गोवर झाल्यानंतर ट्यूबरक्युलिनची खूण काही काळ मावळते, हे फोन पिर्के यांनी १९०८ सालीच नोंदविले होते.) क्षयावरील आयसोनायझिड हे औषध चालू असले, तर त्यानेही पापणीची साक्ष दबते. याच्या उलट प्रकारही घडतो: सुई वेडीवाकडी लागून इजा झाली किंवा क्षयजंतूच्या दुसऱ्या निरुपद्रवी भाऊबंदांशी माकडाचा पूर्वी संबंध आला असला, तर निरोगी प्राण्यालाही सूज येते. सुई खरेच बोलते. पण तिचे बोलणे ऐकणाऱ्याला वेळेचे भान हवे.

यावरचा उपाय एकच: पुनःपुन्हा तपासणे, आणि तपासणी पुरी होईस्तोवर नव्या पाहुण्याला जुन्या मंडळींत मिसळू न देणे. प्लेगच्या दिवसांपासून आपल्या घराण्यांतील वृद्धांना क्वारंटाइन हा शब्द ठाऊक होता. २०२० साली तो सर्वांच्याच वाट्याला आला. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या माकडांना निदान ३१ दिवस वेगळे ठेवण्याचा दंडक आहे, आणि त्या अवधीत दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने निदान तीन चाचण्या व्हाव्या लागतात. हिशेब करून पाहा: पहिल्या चाचणीपासून तिसरीपर्यंत २८ दिवस, आणि तिसरीची पापणी वाचण्यास ३ दिवस, एकूण ३१. त्यांत एकाही माकडात रोग निघाला, तर तुकडीची सुटका लांबते. शेवटचे रोगी माकड दूर केल्यानंतर उरलेल्यांच्या आणखी निदान पाच चाचण्या निर्दोष याव्या लागतात. एकाच्या दुखण्यापायी साऱ्या सोबत्यांना तिष्ठत राहावे लागते. पण हवा सर्वांची एकच असल्याने दुसरा मार्ग नसतो.

पापणीच्या जोडीला आता इतर साक्षीदारही आले आहेत. छातीचे क्ष-किरण चित्र काढतात. श्वासनलिकेतील किंवा जठरातील स्राव घेऊन त्यातील जंतू वाढवून पाहतात. परंतु हा जंतू आळशी, त्याला दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो, त्यामुळे निकालास कित्येक आठवडे लागतात. जंतूचे आनुवंशिक द्रव्य ओळखणाऱ्या चाचण्या त्याहून पुष्कळ वेगवान आहेत. रक्तातील पेशींना जंतूच्या प्रथिनांची गाठ घालून त्या इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडतात काय, हे पाहण्याची रीतही रूढ झाली आहे. आग्नेय आशियातील लांब शेपटीच्या माकडांत रोग दीर्घकाळ सुप्त राहू शकतो आणि पापणीची साक्ष तितकी भरवशाची ठरत नाही. तेथे या नव्या साक्षीदारांचे मोल अधिक. तरीही यांतील कोणताही एकटा पुरेसा नाही. न्यायाधीशाने एका साक्षीवर निकाल देऊ नये, तसेच हे आहे. मेलेल्या प्रत्येक माकडाचे शवविच्छेदन करावे, हा नियमही याच साखळीतील एक कडी.

आता मनाला टोचणारा भाग. रोग ठरला की त्या माकडाला बहुधा वेदनारहित मरण दिले जाते. औषध का देत नाहीत, असा प्रश्न सहृदय वाचकाच्या मनात येईल. तो आमच्याही मनात आला. उत्तर असे की उपचार अनेक महिने चालतात. तेवढ्या काळात शेजारच्या पिंजऱ्यांना आणि सांभाळणाऱ्या माणसांना धोका राहतो. औषधाने रोग दबून तपासणी आंधळी होते, आणि मात्रा चुकल्या तर औषधाला न जुमानणारे जंतू निपजतात. क्वचित एखाद्या दुर्मीळ वा मोलाच्या प्राण्यावर उपचार केले जातात; एरवी नाही. हा युक्तिवाद बिनतोड असला तरी त्याने मनाचे समाधान होतेच असे नाही. ज्या प्राण्याने आपणहून काही मागितले नव्हते, त्याला आपणच पकडले, आपणच रोग दिला आणि आपणच मरण दिले. म्हणूनच रोग येऊच न देणे, हे येथे सोयीपेक्षा कर्तव्याच्या सदरात मोडते.

रोग येऊ न देण्याचा आरंभ होतो तो पिंजऱ्याची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्याच्यापासून. माकडे सांभाळणाऱ्या प्रत्येकाची नोकरीवर घेताना आणि पुढे ठरावीक काळाने क्षयाची तपासणी व्हावी. त्यात झाडूवाल्यापासून संचालकापर्यंत आणि दुरुस्तीस आलेल्या गवंड्यापासून पाहुण्यापर्यंत कोणाला सूट नसावी. आत जाताना वेगळे कपडे, तोंडा-नाकावर नीट बसणारा मुखपट्टा, खोल्यांतील हवा बाहेर काढून टाकण्याची सोय, या गोष्टी ओघानेच आल्या. हे रक्षण दुहेरी आहे. रोगी माकडाकडून तो सांभाळणाऱ्याला लागण झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणजे माणसाने दिलेला रोग फिरून माणसाच्याच घरी परत येतो.

परंतु नियमांच्या यादीत न मावणारी एक गोष्ट आहे. सेवकाला दोन आठवडे खोकला येतो आहे. तो सांगेल काय? खोकला सांगितला तर काम जाईल, रोजंदारी बुडेल, शेजारी बोट दाखवितील, असे त्याला वाटत असेल, तर तो रुमालात खोकेल आणि गप्प बसेल. माकड जातिस्वभावाने दुखणे झाकते. माणूस भीतीने आणि लाजेने झाकतो. जंतूला दोन्ही सारखेच सोयीचे. ज्या संस्थेत खोकला सांगणाऱ्याला भरपगारी रजा, मोफत औषध आणि बरा झाल्यावर जुनी जागा यांची हमी मिळते, तेथील माकडे अधिक सुरक्षित राहतात. आमच्या मते या साऱ्या शास्त्राचे मर्म येथे आहे. सुईची मात्रा, पापणीचे गुण, पिंजऱ्यांतील अंतर ही सर्व साधने एका माणसाच्या निर्भयपणे खरे बोलण्यावर उभी आहेत.

या मूक प्राण्यांनी आपल्याला काय दिले, तेही सांगितले पाहिजे. क्षयाचा जंतू शरीरात शिरूनही पुष्कळ माणसे आजारी का पडत नाहीत, हे कोडे जुने आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात लांब शेपटीच्या माकडांना अगदी मोजके जंतू देऊन पाहिले, तेव्हा माणसांप्रमाणेच काहींत रोग उफाळला आणि काहींत तो दबून राहिला. हे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे सुप्त क्षयाचा अभ्यास शक्य झाला. बीसीजी लस १९२१ पासून माणसांना दिली जात आहे. लहान मुलांना ती क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वाचविते. परंतु १९६८ साली तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने रक्षण केल्याचे दिसले नाही. पुढे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हीच शंभर वर्षांची लस कातडीऐवजी शिरेतून दिली असता १० ऱ्हीसस माकडांपैकी ९ जणांचे उत्तम रक्षण झाले. माणसांत ही रीत अद्याप रूढ नाही. पण क्षयाला लस अडवू शकते, हा विश्वास त्या नऊ माकडांनी दिला. असा प्रयोग विश्वसनीय ठरतो, तो माकडे आधीपासून रोगमुक्त असल्याची खात्री असेल तरच. पापणीवरची ती सूज नीट वाचणाऱ्या अनाम सेवकाचा वाटा त्या यशात आहे.

आता आपल्या घराकडे वळू. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. बेळगाव-कोल्हापूरकडच्या जुन्या पिढीला मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव काढताच छातीत धस्स होत असे. ते दिवस गेले. आज सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत मिळते आणि साधा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या नेटक्या उपचाराने बरा होतो. गेली नाही ती लपवालपवी. लग्नाच्या मुलीचा खोकला ‘सर्दी’ ठरतो, सुनेचे वाळणे ‘प्रकृतीच तशी’ ठरते, आणि घरकामाच्या बाईंचा खोकला आपण ऐकूनही ऐकीत नाही. कारण विचारले तर चार दिवस रजा द्यावी लागेल. कोणाचाही खोकला दोन आठवड्यांवर टिकला, वजन घटू लागले, संध्याकाळी अंग कढत लागू लागले, तर तपासणी करून घ्यावी. घरात एकाला रोग निघाला तर सर्वांनी तपासून घ्यावे, आणि एक तपासणी निर्दोष आली म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलाविले असता जाण्याचे टाळू नये. कामाच्या बाईंना सोबत करून दवाखान्यात न्यावे आणि त्या दिवसांचा पगार कापू नये.

देवळापाशी माकडांना चणे-फुटाणे घालणाऱ्या भाविकांनाही एक विनंती. आपल्या तोंडचा उष्टा घास त्यांच्यापुढे टाकू नये, आवारात थुंकू नये, आणि खोकला असताना त्यांच्या जवळ जाऊ नये. मारुतीच्या या सैन्याला आपल्याकडून प्रसाद मिळावा, रोग मिळू नये, एवढी काळजी आपण सहज घेऊ शकतो.